साडूची साखर

माझ्या साडूला साखर निघाल्याचं कळलं, त्या दिवशी मला बरं वाटलं. हे कबूल करायला मला पाच वर्षं लागली, म्हणून सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो.

फोन मेहुणीचा होता. बायकोनं तो ठेवला आणि म्हणाली, "धाकटीकडे पण तेच. त्यांनाही साखर निघालीय. उपाशीपोटी दोनशे दहा." मी "अरेरे" म्हणालो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो, कारण माझं तोंड तिला दिसू नये असं वाटत होतं. तीन आठवड्यांपूर्वी मला साखर निघाली, तेव्हापासून एकच प्रश्न मला कुरतडत होता. मलाच का, आणि त्याला का नाही. आता तो मिटला. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. माझी थोरली, त्याची धाकटी. मी पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होतो. शहराच्या पोटातून कुठली पाइपलाइन कुठून जाते, ते कागदावर काढायचं, हे काम चौतीस वर्षं केलं. खात्यात आणि घरी मला नकाशेवाले म्हणायचे. साडूचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, खाट आडवी टाकली तर दार लागायचं नाही एवढी जागा. तरी त्याचं सगळं माझ्या डोळ्यांत खुपायचं. पासष्टीला आला तरी केस काळे. उशीला डोकं टेकलं की झोप. आणि सासऱ्यांचा लाडका. मी गेलो की सासरे उठून म्हणायचे, "या, बसा." तो गेला की जागचे न हलता म्हणायचे, "आलास का रे?" लोकांना वाटायचं, मोठ्या जावयाला केवढा मान. त्या 'या, बसा'ची थंडी मला कळायची. सासरे गेले तेव्हाही त्यांच्या उशाशी तो होता आणि मी डॉक्टरांशी बोलायला बाहेर.

साखरेच्या बाबतीत मात्र पारडं माझ्या बाजूला झुकलं. निवृत्त कर्मचाऱ्यांचं कार्ड माझ्याकडे होतं आणि त्या कार्डावर मोठं हॉस्पिटल होतं, अकरा मजली, तीन लिफ्टचं. साखरेचे डॉक्टर चौथ्या मजल्यावर, किडनीचे सहाव्या, हृदयाचे सातव्या. पायांना मुंग्या येतात म्हटल्यावर नसांचे डॉक्टर मिळाले, ते नवव्या. सर्दीतापासाठी जनरल, दुसऱ्या मजल्यावर. डोळ्यांचे मागच्या इमारतीत. प्रत्येकाची खिडकी वेगळी, रांग वेगळी, कागदाचा रंग वेगळा. वर्षभरात माझी फाइल एवढी जाड झाली की तिला मी खात्यातली जुनी कापडी दोरी बांधली.

साडूकडे कार्ड नव्हतं. तो त्याच्या गल्लीतल्या सरकारी दवाखान्यात जायचा. दोन खोल्या, एक डॉक्टरीणबाई, एक सिस्टर, आणि वही घेऊन घरोघर फिरणारी एक नोंदणीवाली बाई. त्याच्याकडे फाइल नव्हती. चार घड्यांचं एक पिवळं कार्ड होतं, शर्टाच्या खिशात मावणारं.

त्याच्या नातीच्या वाढदिवसाला मी फाइल सोबत नेली होती. त्याच दिवशी सकाळी हॉस्पिटलात गेलो होतो म्हणून, असं मी बायकोला सांगितलं. केक कापून झाल्यावर कुणीतरी तब्येतीचं विचारलं आणि मी दोरी सोडली. किडनीचे साहेब काय म्हणाले, हृदयाच्या साहेबांनी काय लिहिलं, सगळं दाखवलं. साडू मन लावून ऐकत होता.

"सहा डॉक्टर," तो म्हणाला. "आमच्याकडे एकच बाई. तीच पाय बघते, तीच छाती बघते, नि घरात भांडण झालं का तेही विचारते."

सगळे हसले. मीही हसलो. मला त्याची कीव आली, आणि कीव करण्यात जे सुख असतं ते मी पुरेपूर भोगलं.

पुढे आकडे यायला लागले. दर तीन महिन्यांनी एक रक्ततपासणी असते, तिच्यातून मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळते. साताच्या आत असली की उत्तम. बहिणी-बहिणी रोज संध्याकाळी फोनवर बोलत, त्यामुळे त्याचा आकडा मला घरबसल्या समजायचा. सुरुवातीला तो साडेआठ होता, मी आठ पॉइंट चार. मी पुढे. मग तो साडेसातवर आला, मी आठ पॉइंट नऊवर गेलो. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो सहा पॉइंट आठ आणि मी नऊ पॉइंट तीन.

आयुष्यात माणूस दुसऱ्याच्या बंगल्याचा हेवा करतो, पगाराचा करतो. मी साडूच्या साखरेवर जळायला लागलो. बायको फोनवर "अगंबाई, छान झालं" म्हणाली की मी कान टवकारायचो. तिनं फोन ठेवला की मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, "किती आली त्यांची?"

"तुम्हाला काय करायचंय? आपली बघा."

आपलीच बघत होतो. साखरेच्या डॉक्टरांकडे दर वेळी नवा चेहरा असायचा. शिकाऊ डॉक्टर दर तीन महिन्यांनी बदलतात म्हणे. नवा चेहरा फाइल उलटीकडून उघडायचा, दोन मिनिटं पानं चाळायचा आणि विचारायचा, "साखर कधीपासून आहे?" मी सांगायचो. तो लिहायचा. पुढच्या वेळी पुन्हा तेच. डोळ्यांच्या तपासणीला गेलो तर मशीन बंद होतं. नवी तारीख पत्रानं कळवू म्हणाले. पत्र आलं नाही, आणि मी गेलो नाही. डोळ्यांनी मला व्यवस्थित दिसत होतं.

नऊ पॉइंट तीनचा आकडा मी कुणाला सांगितला नाही. बायकोलाही नाही. पुढच्या भेटीत साडूनं विचारलं, "काय साडूभाऊ, तुमची किती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सात पॉइंट एक."

"अरे वा. नऊला टेकली होती ना मागे? कसं जमवलंत?"

आता काहीतरी सांगणं भाग होतं. "पहाटे पाचला उठून चालतो," मी म्हणालो. "तासभर. रोज."

पाच वाजता मी कुशीवर वळत असे, एवढंच. पण साडू साधा माणूस. त्यानं ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो पाचला उठून चालायला लागला आणि तीन महिन्यांनी त्याचा आकडा साडेसहावर आला. मेहुणीनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "भावोजी, तुमच्यामुळे झालं हो हे."

अंगाचा तिळपापड म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळलं.

मग संशय सुरू झाला. दोन खोल्यांच्या दवाखान्यात असं काय मिळतं? नक्की डॉक्टरीणबाईचं घड्याळ यानं फुकट दुरुस्त करून दिलं असणार आणि बाई याला चांगली औषधं बाजूला काढून देत असणार. खात्री करायला मी एका दुपारी त्याच्या दुकानात गेलो. तो डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात चिमट्यानं काहीतरी बसवत होता. मी स्टुलावर बसलो. गप्पांच्या ओघात घड्याळाचा विषय काढणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात गुंतलेले होते म्हणून त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"घड्याळजीकाका, दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. मंगळवारी पाय दाखवायला यायचं होतं, आला नाहीत."

"विसरलो गं बाई. गिऱ्हाइकं होती."

"गुरुवारी या. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. दुसऱ्या कुणी दिलेल्या असतील त्याही. खोकल्याच्या वड्यासुद्धा."

"वड्या कशाला?"

"तुम्ही आणा. आम्ही बघतो."

फोन बंद झाला. साडू पुन्हा भिंगात घुसला. "फार मागे लागतात हो," तो कुरकुरला. "नाही गेलं की फोन. फोन उचलला नाही की वहीवाली बाई दारात. घरच्यासारखा जाच आहे."

मी स्टुलावरून उठलो. घड्याळाचा विषय काढायचाच राहिला. घरी येताना माझ्या डोक्यात तो आवाज घुमत होता. विसरलात, गुरुवारी या. अकरा मजले, सहा डॉक्टर, तीन लिफ्ट, आणि दोन वर्षांत मला एकानंही विचारलं नव्हतं की तू का आला नाहीस. बायको सोडून या जगात कुणी माझी वाट बघत नाही आणि याची मात्र एक सिस्टर वाट बघते. सासऱ्यांनंतर एवढा मत्सर मला कशाचाच वाटला नव्हता.

त्या मत्सरानं मी कामाला लागलो. साडेसहाच्या खाली जायचंच, असं ठरवलं. चौथ्या मजल्यावर जाऊन म्हणालो, "डॉक्टर, जरा जोरदार काहीतरी द्या." त्यांनी माझी गोळी दुप्पट केली. दुसऱ्या मजल्यावरच्या जनरल डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. त्यांच्या समोर माझ्या बाकीच्या मजल्यांचे कागद नव्हते, मीही काढून दिले नाहीत. त्यांनी एक नवी गोळी लिहिली, गुलाबी. सातव्या मजल्यावर हृदयाच्या डॉक्टरांनी आकडा बघून भुवया उंचावल्या आणि एक पिवळी लिहून दिली. तिन्ही मी आनंदानं घ्यायला लागलो. आणि एवढं कमी होतं म्हणून, खोटं बोललो होतो ते खरं करायला, पहाटे पाचला उठून उपाशीपोटी चालायलाही लागलो.

दहा दिवसांत बोटातल्या रक्ताची साखर पंच्याण्णव आली. मी एवढा हरखलो की नाश्ता न करता, अंघोळ उरकून, साखर मोजायच्या मशीनमधला आकडा दाखवायला थेट साडूच्या दुकानात गेलो.

यापुढचं मला आठवत नाही. जे सांगतो ते मेहुणीनं नंतर सांगितलेलं. ती नेमकी त्याचा डबा घेऊन दुकानात आली होती. म्हणाली, तुम्ही घामानं निथळत होता आणि कारण नसताना ओरडत होता. साडूला म्हणालात, केस रंगवतोस, कबूल कर. तो म्हणाला, नाही हो. मग म्हणालात, म्हाताऱ्यानं तुला अरे म्हटलं आणि मला अहो, चाळीस वर्षं मी ते गिळतोय. मग म्हणालात, ते सात पॉइंट एक खोटं होतं, नऊ पॉइंट तीन होती, आता घे. एरवी अहोजाहो करणारा मी त्याला एकेरीत बोलत होतो आणि समोरच्या काचेवर हात आपटत होतो. मेहुणी घाबरून रडायला लागली.

साडूनं चिमटा खाली ठेवला. "हे भांडत नाहीयेत," तो बायकोला म्हणाला. "साखर उतरलीय यांची. चहाची साखर दे इकडे." दवाखान्यात महिन्यातून एकदा सगळ्या साखरवाल्यांना बसवून सिस्टर शिकवायची. घाम, थरथर, आणि माणूस उगाच तणतणायला लागला तर आधी साखर, मग बाकीचं. त्यानं पेलाभर पाण्यात पाच चमचे साखर ढवळली, माझी हनुवटी धरली आणि घोट घोट करून पाजली. मी शिव्या देत ती प्यालो, असं मेहुणी म्हणते.

मला जाग आली ती साडूच्या दवाखान्यात. आठवतं ते एवढंच की छत फार खाली वाटलं. खुर्चीवर एक बुटकीशी, चष्मा डोक्यावर सरकवलेली बाई बसली होती. या डॉक्टरीणबाई. बायकोला फोन गेला होता आणि ती घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आली होती. बाईंनी पिशवी टेबलावर उलटी केली. सतरा पाकिटं निघाली. त्या एकेक उचलून मागचं बारीक अक्षर वाचत होत्या आणि ढीग करत होत्या. शेवटी एका ढिगात तीन राहिली. माझी दुप्पट केलेली पांढरी, गुलाबी आणि पिवळी.

"ही तिन्ही एकच आहेत," त्या म्हणाल्या. "कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, पोटात औषध एकच. शिवाय तुमची किडनी जरा मंद चालते, म्हणजे हे शरीरात रेंगाळतं. तुमचे डॉक्टर कोण?"

"सहा आहेत."

"सहा असू देत. त्यातले तुमचे कोण? हे सगळं एका ठिकाणी बघणारे?"

मी बायकोकडे बघितलं. ती पिशवीच्या घड्या घालत होती. "एक ना धड, भाराभर चिंध्या," ती हळूच म्हणाली. मला राग आला.

"डोळे कधी दाखवलेत?"

"मशीन बंद होतं," मी म्हणालो. "दोन वर्षांपूर्वी."

बाईंनी चष्मा खाली घेतला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. औषधाचा अंमल दिवसभर राहील, साखर पुन्हा उतरू शकते, दर तासाला बघायला हवं आणि तशी सोय त्यांच्याकडे नाही, म्हणून त्यांनी मला माझ्याच मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. सोबत स्वच्छ अक्षरात चिठ्ठी. या तीन गोळ्या बंद कराव्यात.

वॉर्डात सगळं चोख होतं. पांढरी चादर, सलाइन, तासातासाला बोटाला टोचणं. चिठ्ठी फाइलीत गेली. सोबतीला साडू राहिला. बायकोची पाठ दुखते म्हणून तोच म्हणाला, मी थांबतो. दुकान बंद ठेवून तो लोखंडी खुर्चीवर बसून होता. मी झोपेचं सोंग घेतलं होतं. दुकानात आपण काहीतरी बरळलो एवढं कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती.

सकाळी सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन आली. कागदाच्या वाटीत पाच गोळ्या. त्यातली एक गुलाबी, एक पिवळी; दुप्पटवाली पांढरी तेवढी नव्हती. मी निमूट हात पुढे केला. हॉस्पिटलात सिस्टरनं दिलेली गोळी माणूस घेतो.

"ताई, एक मिनिट," साडू म्हणाला. "या दोन बंद केल्यात यांच्या."

"फाइलीत तर लिहिल्यात."

"चिठ्ठी आहे बघा. कालची. त्याच फाइलीत आहे."

तिनं ट्रे खाली ठेवला आणि फाइल उघडली. चिठ्ठी सगळ्यात मागे, माझ्या पहिल्या वर्षीच्या रक्ततपासणीच्या खाली लावलेली होती. ती तिनं दोनदा वाचली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. वयानं माझ्या मुलीएवढी असेल.

"काका, मी बत्तीस खाटा बघते," ती म्हणाली. माझ्याशी नाही, साडूशी. "दुपारी एक जण दाखल करून घेतो, संध्याकाळी दुसरा बघतो, सकाळी मी येते. वरच्या पानावर जे असतं ते मी देते. मागचं वाचायला वेळ कुठून आणू?"

"तुमची चूक नाही म्हणत मी," साडू म्हणाला. "फक्त त्या दोन काढा."

तिनं त्या काढल्या आणि चिठ्ठी वरच्या पानाला टाचणीनं लावली. ती गेल्यावर साडूनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "चहा मिळतो का बघून येतो. बिनसाखरेचा नाही आणत आज." आणि गेला. दुकानातलं बोलणं त्यानं तेव्हा काढलं नाही आणि आजवर काढलेलं नाही. मेहुणीनं चार महिन्यांनी मला ते शब्दशः ऐकवलं, तेव्हा कुठे कळलं की त्याला सगळं माहीत आहे.

डोळे मी पुढच्या आठवड्यात दाखवले. मशीन चालू होतं. दोन्ही डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर बारीक रक्तस्राव झाला होता. डावा लेसरनं वाचला. उजव्यात मधोमध एक धुरकट ठिपका राहिला, तो कायमचा. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आला असतात तर हा राहिला नसता. नव्या तारखेचं पत्र गेलं होतं म्हणे, माझ्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर. कार्ड काढताना लिहिलेला पत्ता कुणी बदलला नव्हता. मीही नाही.

हे मात्र मनाला फार लागलं. निवृत्तीनंतरही मी घरी हौसेनं नकाशे काढायचो. जुन्या विहिरी, बुजलेले नाले, अर्ध्या मिलिमीटरच्या रेषेनं. आता उजव्या डोळ्यानं रेषा मधेच तुटते आणि पुढे सुरू होते. आणि साडू अजून भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवतो. दोघांना साखर एकाच महिन्यात निघाली. मी आळशी होतो, खोटारडा होतो, मान्य. पण तोही मंगळवार विसरणाराच माणूस होता. त्याच्या विसरण्यामागे कुणीतरी उभं होतं, माझ्या विसरण्यामागे पत्त्याचा जुना रकाना होता. या विचारानं कित्येक दुपारी मला जेवण गोड लागलं नाही.

अखेर मान खाली घालून मी त्या दवाखान्यात गेलो आणि वहीवाल्या बाईला म्हणालो, "माझं नाव घाला तुमच्याकडे."

"राहता कुठे?"

मी सांगितलं. तिनं मान हलवली. "आमच्याकडे या अकरा गल्ल्या आहेत. अठराशे माणसं. एवढ्यांना आम्ही तोंडानिशी ओळखतो. बाहेरची घेतली तर फोन कोण करणार काका?"

म्हणजे आता साडूच्या पत्त्याचाही हेवा करायची पाळी आली. तिनं मला एक कोरं पिवळं कार्ड दिलं तेवढं. ते भरून मी हॉस्पिटलात सहाही डॉक्टरांकडे फिरलो. हृदयाच्या डॉक्टरांनी बघितलंही नाही. किडनीच्या डॉक्टरांनी बघून परत दिलं. चौथ्या मजल्यावर एक शिकाऊ मुलगी होती, तिनं दहा मिनिटं वाचलं, चार औषधं कापली आणि खाली सही केली. तीन महिन्यांनी माझा आकडा सात पॉइंट आठ आला. मी तिचे आभार मानायला गेलो तर तिची बदली झाली होती.

त्या संध्याकाळी बायकोनं निर्णय सांगितला. विचारला नाही, सांगितला. साडूच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होणार होत्या. आपलं घर भाड्यानं द्यायचं आणि तिकडे जायचं.

"मी त्यांच्या शेजारी राहू?" मी म्हणालो. "रोज त्यांचं तोंड बघू?"

"तोंड बघायला डोळे लागतात," ती म्हणाली. "एक शिल्लक आहे तोवर चला."

आम्ही गेलो. सामान लागायच्या आधीच तिसऱ्या दिवशी वहीवाली बाई दारात उभी राहिली. खोक्यावर बसून तिनं एकेक रकाना भरला. वय, वजन, जिने किती चढावे लागतात, रात्री लघवीला किती वेळा उठता. मग विचारलं, "अडचणीला पहिला फोन कुणाला करायचा?"

मुलगी दूर राहते. मी साडूचा नंबर सांगितला. मला तो पाठ होता, हे मला तेव्हाच कळलं.

"घरात आणखी कसला त्रास?"

"यांना साडूचा हेवा वाटतो," बायको भांडी पुसता पुसता म्हणाली. "चाळीस वर्षांचा जुना आहे."

बाईनं पेन थांबवलं. ती हसली नाही. "वाढतोय का?"

"नाही," बायको म्हणाली. "आहे तेवढा आहे."

"मग लक्ष ठेवा," बाई म्हणाली, आणि मला म्हणाली, "काका, बूट काढा. पाय बघायचेत."